गोळी, शेमा आणि सकाळचा फोन



मागे एकदा या सदरात गुडघ्यांबद्दल लिहिलं होतं. ते वाचून तीन-चार वाचकांचे फोन आले, आणि गंमत अशी की गुडघ्यांबद्दल एकानेच विचारलं. बाकीच्यांना वेगळंच बोलायचं होतं. एक बाई म्हणाल्या, "सिस्टर, मिस्टर होते तोवर सकाळची तेफिला कधी चुकली नाही. आता चार-चार दिवस सिद्दुर उघडला जात नाही. नातू म्हणतो, सावता, फोनमध्ये सगळं आहे. फोनमध्ये आहे हो, पण माझ्यात कुठे आहे?"

हा प्रश्न हझानसाहेबांना विचारायचा, आरोग्याच्या सदरात कशाला, असं कुणाला वाटेल. मलाही पूर्वी वाटलं असतं. पण माझ्या स्वतःच्या घरात जे झालं ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. ते होते तेव्हा रोज सकाळी हॉलमध्ये खिडकीपाशी उभं राहून, सिसिथ अंगावर घेऊन, मोठ्याने तेफिला म्हणायचे. मी स्वयंपाकघरात. त्यांचा आवाज शेमापर्यंत आला की मी हातातलं काम टाकून डोळ्यांवर हात ठेवायची, त्यांच्याबरोबर म्हणायची, आणि लगेच ओट्यावरच्या डबीतली प्रेशरची गोळी पाण्याबरोबर घ्यायची. मग चहा. कित्येक वर्षं असंच चाललं. गोळीची आठवण मला कुणी करून द्यावी लागली नाही.

ते गेले. शिवा झाला, तीस दिवस झाले, मुलं आपापल्या घरी गेली. चार महिन्यांनी मी कानातला मळ काढायला कुपत खोलीमला गेले. तिथल्या तरुण नर्सने सहज प्रेशर मोजलं तर १९० वर १०५. "गोळ्या घेता ना?" तिने विचारलं. मला रागच आला. अडतीस वर्षं मी वॉर्डात लोकांना हाच प्रश्न विचारला होता! "घेते तर," मी म्हटलं. घरी येऊन खण उघडला, तर गोळ्यांची तीन पाकिटं जशीच्या तशी. मी ती मुद्दाम बंद केली नव्हती. घेतल्या नाहीत हे मला माहीतच नव्हतं. गोळी त्यांच्या आवाजावर टांगलेली होती. आवाज गेला, गोळी खाली पडली. आणि त्या रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं, की गोळीबरोबर शेमाही पडला होता. चार महिने मी सकाळचा शेमा म्हटला नव्हता, आणि मला तेही कळलं नव्हतं.

म्हणून मी म्हणते, सवयीला खुंटी लागते. कोट हवेत टांगता येत नाही. आपल्या बऱ्याच सवयी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या खुंटीवर असतात, आणि ते माणूस गेलं की एकदम दोन-चार गोष्टी खाली येतात. जेवणाची वेळ, चालायला जाणं, गोळी, तेफिला. नवरा किंवा बायको गेल्यावर पहिल्या वर्षात मागे राहिलेल्याची तब्येत ढासळते, हे मी वॉर्डात पुष्कळ पाहिलं. आम्ही म्हणायचो, दुःखाने झालं. दुःख असतंच, पण खणात पडून राहिलेली ती तीन पाकिटंही असतात.

खुंटीची गोष्ट काही आजच्या डॉक्टरांनी शोधलेली नाही. मी अलिबागची, इस्राएल आळीत वाढलेली. माझ्या आजीला हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. शेमा तेवढा पाठ. सांज झाली की शेमा, कुणी मुंबईला निघालं की शेमा, मूल रडून थकलं आणि झोपायला लागलं की त्याच्या कपाळावर हात ठेवून शेमा. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली आणि शेमा तेवढा तोंडी राहिला, ही आपली परंपरा तुम्हाला मी काय सांगायची. पण तो का राहिला याचा मी नर्स म्हणून विचार करते. तो घड्याळावर नव्हता आणि पुस्तकावरही नव्हता. जन्म, सुंता, लग्न, मरण, अशा घडणाऱ्या गोष्टींवर तो टांगलेला होता. त्या गोष्टी काही कोकणात घडायच्या थांबल्या नाहीत. पुढे एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझेकिएल राजपूरकरांसारख्या विद्वानांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. छापखाना ही त्या काळची नवी मशीनच होती की. तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेल, पुस्तकात बघून कसली तेफिला?

लंडनच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. ९६ जणांना त्यांनी एक नवी सवय निवडायला सांगितलं, आणि ती रोज एका ठरलेल्या गोष्टीला जोडायला सांगितली, जसं नाश्त्यानंतर, जेवणानंतर. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांवर गेला. तेव्हा तीन आठवड्यांत जमलं नाही म्हणून कपाळाला हात लावू नका. आणि त्यात एक दिलासाही निघाला: मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं बिघडत नाही. मी पाहिलंय, आपल्यातली पुष्कळ माणसं एक दिवस चुकला की "आता काय, मोडलंच" म्हणून सगळंच सोडतात.

तर आता सकाळपासून सुरुवात करते.

डोळे उघडल्यावर मोदे अनी. आपण बायका मोदा अनी म्हणतो. फक्त बारा शब्द आहेत, त्यात देवाचं नाव नाही, म्हणून हात धुण्याआधी अंथरुणातच म्हणता येतं. ज्यांनी हे ठरवलं त्यांना म्हातारपणाची फार समज होती असं मला वाटतं. आपल्या वयात झोपेतून उठून ताडकन उभं राहिलं की रक्त पायात राहतं, डोक्यात पोचायला वेळ लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पलंग आणि कपाट यांच्यामध्ये पडतो. प्रेशरच्या, लघवीच्या आणि प्रॉस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे जास्त. माझ्या नोकरीत खुब्याचं हाड मोडून आलेल्यांत पहाटे बाथरूमला निघालेले किती असायचे! म्हणून डोळे उघडले की आडवं असतानाच पावलं दहा वेळा खाली-वर करा. मग उठून पलंगाच्या कडेला बसा, पाय जमिनीला टेकवा आणि मोदे अनी सावकाश म्हणा. घाईने नको, एकेक शब्द. दोन मिनिटं तरी बसा. मग उठा.

बाथरूममधून आल्यावर अशेर यत्सार. शरीरातल्या वाटा उघड्या-बंद राहतात म्हणून आपण उभे आहोत, अशा अर्थाची ही बेराखा. मूत्र अडलेल्या माणसाला नळी घातल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आराम येतो तो मी शेकडो वेळा पाहिला आहे. त्यामुळे मला ही बेराखा कुणी शिकवावी लागत नाही. तुम्हीही ती म्हणताना एक क्षण लक्ष द्या: आज काही वेगळं वाटलं का? जळजळ, रक्त, काळा शौच, चार दिवसांची बद्धकोष्ठता? डॉक्टरकडे गेल्यावर "बरंय सगळं" म्हणण्यापेक्षा हे सांगता येईल.

मग गोळी. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नाही. हा अर्धा तास पुष्कळजणी टीव्हीसमोर चहाची वाट बघत काढतात. हाच तेफिलेचा वेळ! तसंच हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. ती पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. त्या दिवशी सिद्दुर घेऊन ताठ बसा. दोन्ही कामं झाली.

पण मधुमेहवाल्यांनो, इथे थांबा. जे इन्सुलिन घेतात किंवा साखर पटकन खाली आणणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी तेफिला पुरी व्हायची म्हणून नाश्ता लांबवू नये. हात थरथरला, घाम आला, ओळ दिसेनाशी झाली, तर सिद्दुर मिटा आणि साखरपाणी घ्या. तेफिलेआधी खात नाहीत हे मला माहीत आहे. आजारी माणसाला, औषधाला आणि पाण्याला त्यात सूट आहे. शंका असेल तर रब्बींना विचारा, पण विचारताना कुठली गोळी किती वाजता घेता ते सांगून विचारा, नाहीतर तेही बिचारे मोघम उत्तर देतात.

आमिदाबद्दल एक सांगायलाच हवं. सुरुवातीला आणि शेवटी तीन पावलं मागे जातात. म्हातारं माणूस मागे चालताना पडलं तर डोक्यावरच पडतं. मागे गालिचा, नातवाची गाडी, ऑक्सिजनची नळी काही नाही ना, ते आधी पाहा. पुढ्यात जड खुर्ची ठेवा आणि तिची पाठ धरा. वाकताना चक्कर येत असेल तर थोडंच वाका. उभं राहवत नसेल तर बसून म्हणा, त्याला परवानगी आहे. बसून म्हटल्याने कुणी लहान होत नाही. आणि ज्या पुरुषांना डायलिसिससाठी डाव्या हातावर फिस्टुला केलेला आहे, त्यांनी त्या हाताला तेफिलिनचा पट्टा स्वतःच्या मनाने आवळू नये. आधी डायलिसिसच्या नर्सला दाखवा, मग रब्बींकडे जा.

आता फोन. माझ्या नातवाने माझ्यावरच्या प्रेमापोटी फोनमध्ये पाच गजर लावून दिले. साडेपाच, सहा, गोळी, तेफिला, परत गोळी. पहिला आठवडा मी दचकून उठले. दुसऱ्या आठवड्यात बोटं आपोआप बंद करायला लागली. तिसऱ्या आठवड्यात तर ऐकूच येईना. वॉर्डात मॉनिटर दिवसभर किणकिणतात आणि मग खरा किणकिणला तरी नर्सचं डोकं वर होत नाही, तसंच हे. एकच गजर ठेवा, तोही फोन दुसऱ्या खोलीत, गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवून, म्हणजे बंद करायला उठून जावं लागेल आणि डबी दिसेल. आणि तो रविवार ते शुक्रवार एवढाच लावा. गजराच्या खाली वारांची अक्षरं असतात, त्यातला शनिवार काढून टाका. नाहीतर शब्बाथच्या सकाळी तो कोकलत बसतो आणि घरातले सगळे त्याच्याकडे बघत बसतात. आमच्याकडे झालंय.

वेळेची काळजी फार करू नका. इथे जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत पावणेसातच्या आसपास, आणि शेमाची वेळ उन्हाबरोबर सरकते. फोनमधल्या सिद्दुरला तुमचं गाव सांगितलं की तो त्या-त्या दिवसाची वेळ दाखवतो. पण मला रोज ते बघायला लागू नये म्हणून मी उठल्यावर लगेच, आठच्या आत म्हणून मोकळी होते.

फोनचा खरा उपयोग डोळ्यांना आहे. हिब्रूखालचे ते बारीक ठिपके आणि रेघा मोतीबिंदूवाल्याला दिसत नाहीत, मग माणूस अडखळतो, मग कंटाळतो, आणि म्हणतो मन लागत नाही. मन नाही हो, डोळे! फोनपेक्षा टॅब्लेट बरा. अक्षर मोठं करा, काळ्यावर पांढरं वाचायला सोपं जातं का ते पाहा, आणि टॅब्लेट हातात न धरता स्टँडवर ठेवा, म्हणजे मान दुखणार नाही. ज्यांना मराठी अक्षरांत लिहिलेलं हिब्रू सोपं जातं, त्यांनी आपल्या जुन्या पुस्तकाच्या पानांचे फोटो मुलांकडून काढून घ्यावेत. मग दोन बोटांनी पाहिजे तेवढं मोठं करता येतं. एक सावधगिरी: "ही बेराखा दहा जणांना पाठवा" किंवा "या दुव्यावर सदाका द्या" असे निरोप ओळखीच्याकडून आले तरी बोट लावू नका. ओळखीच्या माणसालाही फसवलेलं असू शकतं.

इतकं सगळं करूनही माझं गाडं अडलंच होतं, कारण घरात आवाज नव्हता. मग माझी थोरली जाऊ आठवली. ती दिमोनात, मी अश्दोदमध्ये. तीही एकटी. वय ८१. मी तिला म्हटलं, जाऊबाई, सकाळी तुम्ही बेराखोथ म्हणून मला आवाज पाठवा, मी आमेन म्हणून परत पाठवते. व्हॉट्सअ‍ॅपवर माइकचं चित्र दाबून धरायचं आणि बोलायचं. तिची बोटं संधिवाताने वाकडी, दाबून धरवेना. मग नातवाने दाखवलं, दाबून बोट वर सरकवलं की कुलूप लागतं, बोट सोडलं तरी आवाज घेतो. दोन महिने असं चाललं.

एकदा मी कौतुकाने हे हझानसाहेबांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "बाई, साठवलेल्या आवाजाला आमेन म्हणत नाहीत. त्या क्षणी माणूस बोलत असेल आणि तुम्ही फोनवर ऐकत असाल, तर म्हणा." मी जरा खट्टू झाले, पण त्या दिवसापासून आम्ही सरळ फोन लावायला लागलो. सहा चाळीसला घंटी. स्पीकर चालू. ती बेराखोथ म्हणते, मी आमेन. मग शेमा दोघी मिळून. मग "गोळी घेतली का?" ती मला, मी तिला. पाच-सात मिनिटांचं काम.

गेल्या वर्षी थंडीत एका मंगळवारी ती नेहमीसारखी सुरू झाली. तिसरी-चौथी बेराखा असेल. एक शब्द जड आला. मला वाटलं कवळी घातली नसेल. पुढची बेराखा सुरू केली आणि शब्द घसरले, जसे ओल्या पायरीवर पाय घसरतात. हे शब्द ती सत्तर वर्षं म्हणत होती. झोपेत म्हटले तरी चुकले नसते. मी म्हटलं, "जाऊबाई, थांबा. खुर्चीत बसा. दोन्ही हात समोर वर करा." ती म्हणाली, "उजवा येत नाही गं." तेही नीट म्हणता आलं नाही.

मी फोनवरची वेळ पाहिली. ६ वाजून ४७ मिनिटं. तिचा फोन बंद केला नाही. घरातल्या जुन्या फोनवरून १०१ ला लावला, पत्ता सांगितला, आणि "शब्द घसरतायत, उजवा हात उचलत नाही, सहा सत्तेचाळीसला माझ्या कानांसमोर सुरू झालं" एवढंच सांगितलं. मग शेजारणीला, तिच्याकडे किल्ली होती. बेर शेवाच्या हॉस्पिटलात पहिला प्रश्न हाच होता: शेवटचं बरं कधी होतं? मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास माणूस शेवटचं ठीक असल्यापासून मोजतात. रात्री झोपलेलं माणूस सकाळी तसं सापडलं तर कुणालाच सांगता येत नाही. आम्हाला मिनिट माहीत होतं. आधी स्कॅन झाला, रक्तस्राव नाही हे बघितलं आणि इंजेक्शन मिळालं.

म्हणून हे लक्षात ठेवा. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं घसरतं, यातलं एक जरी एकाएकी दिसलं तरी १०१. मुलाला फोन नंतर. अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण रक्तस्राव असेल तर वाईट होईल. पाणीसुद्धा पाजू नका, गिळता येत नसतं आणि ठसका लागतो. प्रेशरची जादा गोळी देऊ नका. दार उघडून ठेवा, गोळ्यांची यादी हातात घ्या. पाच मिनिटांत आपोआप बरं झालं तरी हॉस्पिटलात जा, तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो. आणि शब्बाथ असला तरी थांबू नका. पिकुआख नेफेश म्हणजे जीव वाचवणं, त्यासाठी शब्बाथ बाजूला ठेवायचा असतो, फोन करायचाच असतो. शब्बाथ मोडेल म्हणून रात्रीपर्यंत छातीत कळ घेऊन बसलेला माणूस मी पाहिला आहे. तो फार धार्मिक होता, आणि त्याला हा नियम कुणी सांगितलेला नव्हता.

शब्बाथचा विचार वेगळा करावाच लागतो, कारण शुक्रवार संध्याकाळपासून सुमारे पंचवीस तास फोन बंद, आणि एकटं माणूस तेव्हाच खरं एकटं. म्हणून त्या दिवसाची खुंटी माणसाची हवी. जाऊबाईंकडे आता शनिवारी सकाळी शेजारीण दार ठोठावते, दोघी मिळून शेमा म्हणतात. गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डबीतला शनिवारचा कप्पा शुक्रवारीच भरून टेबलावर, सिद्दुरवर ठेवायचा. मेत्सुकाचं बटण गळ्यात असेल तर शब्बाथला काढून ठेवू नका. ते नुसतं अंगावर असण्याने काही होत नाही, आणि दाबायची वेळ आली तर ती जिवाचीच वेळ असते.

ज्यांच्या घरी विसराळू झालेलं माणूस आहे त्यांच्यासाठी थोडं. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, मुलीला ओळखत नव्हते. संध्याकाळ झाली की बेचैन, पलंगावरून उतरायला बघायचे. एका संध्याकाळी शेजारच्या पलंगावरच्याने शेमा सुरू केला आणि आजोबांचा हात आपोआप डोळ्यांवर गेला. पुढचं त्यांनी पुरं म्हटलं. लहानपणी तोंडाला बसलेले शब्द फार खोल असतात, ते सगळ्यात शेवटी जातात. जाऊबाईंच्या बोलण्याच्या व्यायामासाठी येणाऱ्या बाईंनीही हेच सांगितलं: नवं वाक्य जमत नसलं तरी पाठ असलेलं म्हणू दे, अंक म्हणू दे, गाणं म्हणू दे, त्यावरून बाकीचे शब्द येतात. तेव्हा तुमच्या माणसाच्याच चालीत, आपल्या घरच्या उच्चारात, शेमा आजच कुणाच्या तरी आवाजात फोनमध्ये घेऊन ठेवा. संध्याकाळी बेचैनी वाढायच्या आधी मेटापेलेतला तो लावायला शिकवा. तिला हिब्रू येत नसलं तरी बटण दाबता येतं. इथे आमेनचा प्रश्न नाही.

रात्रीचा शेमा मात्र फोनशिवाय. झोपायच्या आधी उजेडाकडे बघत बसलं की झोप पळते, आणि एक बघायला घेतलं की बोट दुसरीकडे जातं. फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, पलंगाखाली मिणमिणता दिवा, चष्मा हाताशी, आणि जे पाठ आहे तेवढंच.

जाऊबाईंचा उजवा हात अजून थोडा कमजोर आहे. चहाचा कप त्या डाव्या हाताने उचलतात. बेराखोथ म्हणायला आता दुप्पट वेळ लागतो, एखादा शब्द अडतो, मग मी गप्प बसते. सांगत नाही. त्या शोधून काढतात, मग मी आमेन म्हणते. ज्या वाचकबाईंनी "माझ्यात कुठे आहे" असं विचारलं होतं, त्यांना मी त्यांच्याच गावातल्या एका एकट्या बाईंचा नंबर दिला आहे, त्यांची परवानगी घेऊन. दोघींचं सुरू झालं आहे, पण अजून वेळेवरून जमत नाही, एक पाचला उठते आणि दुसरी साडेसातला. आमचंही सगळं सुरळीत आहे असं नाही. शनिवारी रात्री हावदाला झाली की पहिली घंटी कुणी द्यायची, यावरून भांडण चालूच आहे. जाऊबाई म्हणतात मी थोरली, तू करायचा. मी म्हणते आजारी तुम्ही, मला काळजी असते, तुम्ही करायचा. मागच्या शनिवारी दोघींनी एकदमच लावला आणि दोघींनाही फोन लागेना.